आधी बस कुठं थांबते ते विचार, मग घर बघ

पत्र असं आहे: "मावशी, मी सेलूची. डिप्लोमा झाला आणि शेंद्र्याला एका कंपनीत क्वालिटीला लागले, हातात २१ हजार येतात. लहान भाऊ उस्मानपुऱ्याच्या गव्हर्नमेंट पॉलिटेक्निकला दुसऱ्या वर्षाला आहे, त्याला होस्टेल भेटलं नाही म्हणून आम्ही दोघं मिळून संभाजीनगरात घर बघू लागलो. एक दलाल सातारा परिसरात तिसऱ्या मजल्यावरचा वन बीएचके सांगू लागला, भाडं ६५००, मेंटेनन्स ५००, पण म्हणतो आजच ५ हजार टोकन टाका नाहीतर जाईल. मी अजून नुसते फोटो बघितलेत. दुसऱ्या दोन खोल्या मुकुंदवाडीत आहेत, ८५००, मालक खालीच राहतात. बाबा म्हणतात जालन्याला आत्याकडं राहा आणि अप-डाऊन कर. मामा म्हणतो भाडं कामून भरता, बाँडवर प्लॉट घेऊन टाका. मला कधी कधी सुटायला रात्रीचे ९ होतात. काय करू?"

अगं, आधी ते टोकन टाकू नको. बाकी सगळं निवांत बोलू, पण हे आत्ताच सांगते कारण तुझं पत्र माझ्यापर्यंत येईस्तोवर त्यानं अजून दोनदा फोन केला असंल. न बघितलेल्या घराला रुपया द्यायचा नाही, मग फोटोत संगमरवर दिसू दे नाहीतर काय. फोटो कुणाचेही उचलता येतात. एक अजून प्रकार फार चालू लागलाय, समोरचा म्हणतो मी मिलिटरीत आहे, माझी बदली झाली, चावी वॉचमनकडं आहे, गेटपाससाठी हा क्यूआर कोड स्कॅन करा पैसे लगेच परत येतील. ते पैसे जातात आणि माणूसही जातो. असं कुणाचं झालंच तर लाजत बसू नये, लगेच १९३० ला फोन लावायचा, जितक्या लवकर लावला तितकी रक्कम अडकवता यायची शक्यता जास्त. तुझा दलाल तसा आहे असं मी म्हणत नाही, खरा दलालही घाई करतोच, त्याचा धंदाच आहे तो. फक्त त्याला सांग, संध्याकाळी ७ नंतर घर दाखवा, आवडलं तर मालकाच्या समोर टोकन देते आणि पावती घेते. खरा असला तर दाखवील.

आता घराचं. तू पत्रात दोन भाडी लिहिलीस आणि मला वाटतं तुझ्या डोक्यात ते दोन हजारच घोळू लागलेत, ६५०० की ८५००. हे सगळ्यांचंच होतं, माझंही झालं होतं. पण संभाजीनगर हे पूर्व-पश्चिम लांबलेलं गाव आहे, एका टोकाला वाळूजची एमआयडीसी आणि दुसऱ्या टोकाला चिकलठाणा-शेंद्र्याची, मधे जालना रोड, क्रांती चौक, मोंढा नाका, सेव्हन हिल, सिडको असे एकामागं एक पूल. ज्याची नोकरी वाळूजला त्यानं बजाजनगर, पंढरपूर (विठोबाचं नाही, वाळूजजवळचं), पडेगाव बघावं, ज्याची शेंद्र्याला त्यानं मुकुंदवाडी, चिकलठाणा, सिडकोचे एन-१ एन-२ कडचे भाग. उलटं घर घेतलं की रोज सगळं शहर आरपार कापायचं. सातारा परिसर वाईट नाही, तिथं आमचीच दोन घरं राहतात नातेवाइकांची, पण तुझ्या शेंद्र्यासाठी तो आडबाजूला पडतो, बीड बायपासनं जाऊन झाल्टा फाट्याकडून केंब्रिज चौकात निघायचं आणि मग पुढं जालना रोड, जायचे वीसेक किलोमीटर आणि यायचे वीसेक.

हिशोब मांडू का. तुझी स्कूटी असंल तर महिन्याला २५ दिवस, रोज ४० किलोमीटर, म्हणजे हजार किलोमीटर झाले, गाडी ४५ चं अॅव्हरेज देत असली तरी २२ लिटर पेट्रोल. पेट्रोलचा भाव परभणी जिल्ह्यातल्या पोरीला मी काय सांगायचा, राज्यात महाग पेट्रोल म्हणलं की तुमचंच नाव येतं पेपरात! शंभराच्या वर धरलं तरी सव्वादोन-अडीच हजार गेले. त्यात मेंटेनन्सचे ५००, टँकरचे समज ५००-६००, म्हणजे साडेसहाचं घर दहा हजाराला जाऊन पडलं. आणि मुकुंदवाडीत जर कंपनीची बस दारासमोर मेन रोडला थांबत असंल तर ८५०० चं घर ८५०० लाच राहतं.

म्हणून म्हणते, घर शोधायच्या आधी एचआरला नाहीतर तुझ्या लाइनवरच्या जुन्या बायांना विचार की आपली बस कुठून कुठून येते, कोणत्या स्टॉपला किती वाजता असते, आणि मुख्य म्हणजे ९ ला सुटल्यावर तीच बस परत सोडते का, आणि कुठपर्यंत सोडते. सकाळची बस सगळ्यांना माहीत असते, रात्रीचं कुणी विचारत नाही. ज्या स्टॉपला रात्रीची बस सोडते त्या स्टॉपपासून चालत पाच-सात मिनिटांत जे घर येतं, तेवढीच तुझी हद्द समज. त्या हद्दीच्या बाहेर कितीही भारी घर स्वस्तात भेटू लागलं तरी बघायलाच जायचं नाही, बघितलं की मन होतं.

भावाचं सोपं आहे. मुकुंदवाडीहून उस्मानपुऱ्याला जालना रोडनं सिटी बस आहे, शेअर रिक्षा आहेत, पोरगा आहे, जाईल. घर तुझ्या परतीच्या वाटेवर बघायचं, त्याच्या नाही. तो कुरकुर करील, करू दे.

पाणी. आता ह्याच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण बाहेरून आलेल्या माणसाला हे कळतच नाही. धरण आपलं एवढं मोठं, नाथसागर, पैठण इथून ५० एक किलोमीटर, आणि गावात नळाला पाणी कित्येक दिवसांनी येतं. रोज नाही, एक दिवसाआड नाही. लोक आठवड्याचे वार नळावरून लक्षात ठेवतात. आता नवी लाइन टाकलीय, अडीच हजार मिलिमीटरचा पाइप, आत माणूस उभा राहील एवढा, आणि त्या पाइपाच्या नावावर मालक लोक आत्तापासून भाडं वाढवू लागलेत, "येणारंय ना ताई पाणी". येईल तेव्हा येईल. तू विचार आज, ह्या गल्लीत, नळ किती दिवसांनी येतो, किती वाजता येतो (रात्री २ ला येत असंल तर भरणार कोण?), हौद आहे का, हौदावरून वरच्या टाकीत मोटर कोण चालवतं, आणि टाकी सगळ्यांची एक का प्रत्येकाची वेगळी. एकच टाकी असली की वरच्या मजल्यावरचा माणूस कायम भांडणात असतो, लिहून ठेव.

सातारा-देवळाईत बऱ्याच ठिकाणी बोअर आणि टँकरवर चालतं. बोअरचं पाणी बघायची माझी एक पद्धत आहे, हसू नको. मी घर बघायला जाताना पर्समध्ये कपड्याच्या साबणाचा तुकडा घेऊन जायचे. न्हाणीत नळ सोडायचा, हात ओले करायचे, साबण चोळायचा. फेस आला तर ठीक. नाही आला आणि हात चिकट चिकट लागले तर पाणी खारं, म्हणजे केस राठ होणार, डाळ लवकर शिजणार नाही, आणि पिण्याला जार लावावा लागणार, तो खर्च वेगळा. एकदा एका घरात मालकीणबाई माझ्यामागं दारात उभ्या राहून बघत होत्या, मी आपली साबण चोळू लागले, फेस काही येईना, आणि त्या म्हणाल्या "साबणच जुना दिसतोय तुमचा". घर नाही घेतलं, पण त्या बाईचं उत्तर मी अजून सांगत असते. नळाच्या तोटीभोवती आणि बादलीच्या आतून पांढरा थर दिसतो का ते बघितलं तरी कळतं.

आणि उन्हाळ्याचं विचारायचं. आत्ताचं नाही, एप्रिल-मेचं. पण मालकाला विचारू नको, तो म्हणणार भरपूर. खाली कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडं जा, बिस्कीट पुडा घे, आणि सहज म्हण, "काका, इथं उन्हाळ्यात टँकर किती येतात हो?" तो खरं सांगतो, त्याचं काही जात नाही. त्याच्याकडून अजून दोन गोष्टी काढून घे, त्या बिल्डिंगीत भाडेकरू टिकतात का दर सहा महिन्यांनी बदलतात, आणि रात्री दुकान किती वाजेपर्यंत उघडं असतं. दुकान १० पर्यंत उघडं असलं की गल्लीत १० पर्यंत उजेड असतो. पोरीच्या जातीला हे सीसीटीव्हीपेक्षा कामाचं.

सेफ्टीचं. दिवसा घर बघून काही कळत नसतं. ९ ला सुटल्यावर जशी येशील तशी एकदा त्या स्टॉपपासून घरापर्यंत चालून बघ, भावाला सोबत घेऊन. मधे मोकळा प्लॉट किती, खांबावरचे दिवे लागतात का, टपरीवर कोण बसलेलं असतं, कुत्री किती अंगावर येतात. मला स्वतःला माणसांपेक्षा कुत्र्यांचीच भीती वाटायची. मेन गेटला कुलूप किती वाजता लागतं आणि त्याची चावी तुला देणार का, हे पक्कं कर, कारण बऱ्याच ठिकाणी म्हणतात ९ नंतर गेट बंद, आणि तुझी ड्युटीच ९ ला सुटते. मालक खाली राहतात ते तुला जाचक वाटू लागलं असंल, पण पहिलं वर्ष असू दे. राहायला गेल्यावर पहिल्या दिवशी दाराचं कुलूप स्वतःचं नवं आण, जुन्या चाव्या किती जणांकडं फिरल्यात कुणास ठाऊक.

जिना बघ. खाली दुकान किंवा गोडाऊन, वर खोल्या आणि उतरायला एकच अरुंद जिना, असं घर फुकट दिलं तरी नको. ३ एप्रिल २०२४ च्या पहाटे आपल्याच गावात छावणीत खालच्या कपड्याच्या दुकानाला आग लागली आणि वर झोपलेली एकाच घरातली सात माणसं धुरानं गुदमरून गेली. तेव्हापासून मी कुणाचंही घर बघायला गेले की आधी गच्चीचं दार उघडं असतं का तेच बघते. मीटरचा बॉक्स जिन्याखाली आणि तिथंच गाड्या लावलेल्या, तिथंच चार्जिंगला, हेही आता घरोघरी दिसू लागलंय. अजून एक, गॅसचा गिझर न्हाणीच्या आत लावलेला असंल आणि न्हाणीला खिडकी नसंल तर तो वापरायचाच नाही, त्याचा वायू कळत पण नाही आणि माणूस आत बसल्या जागी पडतो. बादलीत पाणी तापव, हीटरला हात लावताना बटण बंद कर, झालं.

लाइटबिल. तुझ्या खोल्यांना महावितरणचं वेगळं मीटर असंल तर चांगलं, बिल कुणाच्या नावावर आणि मागची बाकी किती ते आधीच बघून घे. पण बऱ्याच घरात एकच मीटर आणि भाडेकरूंना सबमीटर. मग काय होतं, सगळ्यांचे मिळून युनिट १०० च्या, ३०० च्या पुढं जातात, वरचा स्लॅब लागतो, आणि तुझा एक पंखा आणि दोन ट्यूब असून तू वरच्या दरानं पैसे देतेस. युनिटला किती घेणार ते आधी ठरव, आणि राहायला गेल्या दिवशी मीटरचा फोटो काढून मालकाला पाठव.

करारनामा. इथं ५०० च्या बाँडवर नोटरी करून "झालं अॅग्रीमेंट" म्हणायची पद्धत आहे. झालं नसतं ते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, त्याचं कलम ५५ म्हणतं की भाड्याचा करार लेखी पाहिजे आणि नोंदणी केलेला पाहिजे, ११ महिन्यांचा असला तरी. आणि नोंदणी करायची जबाबदारी मालकाची, तुझी नाही, नाही केली तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याच कलमात असंही आहे की नोंदलेला करार नसंल आणि वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणतो ते धरलं जाईल, मालकानं उलटं सिद्ध करेपर्यंत. हे मालकाला गोड बोलून सांगायचं, धमकी म्हणून नाही, "काका तुमच्याच फायद्याचं आहे" म्हणून. खर्च फार नसतो, तुझ्या भाड्याला स्टॅम्प ड्युटी ३०० च्या आसपास, नोंदणी फी महापालिका हद्दीत १०००, ग्रामपंचायतीत ५००, वर थोडे किरकोळ आणि एजंटाचे पैसे. आधार कार्ड आणि अंगठा घेऊन घरी बसून होतं आता. निम्मे निम्मे करा. पोलिसांना भाडेकरूची माहिती द्यायला सांगतील तर तोंड वाकडं करू नको, तो तुझाच पुरावा आहे की तू तिथं राहतेस.

डिपॉझिटनं मला एकदा चांगलं पोळलंय. घर सोडताना मालक म्हणाले भिंतीला खिळे ठोकले, रंगाचे कापतो, आणि अर्धे कापले. खिळे आधीचेच होते. पण माझ्याकडं दाखवायला काय होतं? काहीच नाही. तेव्हा मोबाइलवर कॅमेरेच नव्हते गं. तू सामान आत न्यायच्या आधी सगळ्या खोल्यांचा व्हिडिओ काढ, खिळे, डाग, फुटकी फरशी, गळणारा नळ, सगळं, आणि त्याच दिवशी मालकाला पाठवून दे. डिपॉझिट रोख देऊ नको, खात्यातून दे. आणि करारात लिहून घे की चावी देते त्या दिवशी डिपॉझिट परत. "नंतर बघू" म्हणलं की ते कधीच बघत नसतात.

एक गोष्ट पत्रात तू लिहिली नाहीस पण लाजून लिहिली नसशील असं वाटतं. फोन केला की भाडं सांगायच्या आधी आडनाव विचारतात. मग गाव. मग "नॉनव्हेज चालतं का". मग "एकटीच का, लग्न झालंय का". लई वाईट वाटतं, मला माहितीय. भाऊ सोबत आहे हे पहिल्या वाक्यात सांग, त्यानं अर्धी दारं उघडतात, हे असं असावं असं मी म्हणत नाही पण आहे. आणि जिथं आडनाव ऐकून आवाज बदलतो तिथं पटवून द्यायच्या भानगडीत पडू नको. असं घर भेटलं तरी रोज जिन्यात तो आवाज ऐकावा लागतो.

मामाचं. मामाला म्हण, घ्यायचंच तर घेऊ, पण बाँडवर नाही. बाँडपेपरवरचा गुंठेवारीचा प्लॉट (शेतजमिनीचे परवानगीशिवाय तुकडे पाडून विकतात तो) म्हणजे सातबाऱ्यावर तुझं नाव नाही, खरेदीखत नाही, बँक कर्ज देत नाही, विकायला गेलं की परत बाँडवरच विकायचा. गुंठेवारीचा कायदा २००१ चा आहे, २०२१ ला दुरुस्ती करून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं नियमित करायची सोय केली, म्हणजे त्याच्या पुढचं जे आज कुणी "होऊन जाईल नियमित" म्हणून विकू लागलंय ते त्याच्यात बसत नाही. फ्लॅट घ्यायचा झाला तर महारेराचा नंबर बघून. पण तुला लागून किती दिवस झाले? प्रोबेशन तरी संपू दे.

आता बाबा. बाबांचं अर्धं ऐक असं माझं मत आहे. कायमचं जालन्याहून अप-डाऊन नको, दोन-तीन तास रोज रस्त्यावर, आणि ९ ला सुटलेल्या दिवशी जालन्याची गाडी पकडायला हायवेला उभं राहायचं, ते नकोच. भावाला रेल्वेचा विद्यार्थ्याचा पास निघेल, पण रूळ अजून एकेरी, गाडी कुठं क्रॉसिंगला थांबली की पहिलं लेक्चर गेलं. पण एक महिना चालतंय. शेंद्रा जालना रोडवरच आहे, आत्याच्या घरून तुला शहरात यायचंच काम नाही, एसटीला बायकांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, आणि डोक्यावर छत असलं की दलालाच्या घाईला बळी पडत नाही माणूस. त्या महिन्यात चार रविवार भेटतात. आणि ज्या दिवशी कंपनीत उशिरा थांबायचं असंल त्या दिवसापुरतं शिफ्टमधल्या कुणा मैत्रिणीकडं राहायचं आधीच बोलून ठेव. आत्याला महिन्याचं काहीतरी दे, किराणा भर, नुसतं "आपलंच घर" म्हणून बसू नको, आत्याच्या सुनेलाही संसार आहे.

मुकुंदवाडीच्या त्या दोन खोल्या ह्याच रविवारी बघ. संध्याकाळी. साबण घेऊन जा. ८५०० म्हणतात तर आठला मागून बघ, मालक खाली राहणारा असंल तर नोकरीचा पगार आणि शिकणारा भाऊ ह्याला तो ५०० सोडतो, रिकामी पडलेली खोली त्यालाही परवडत नसते. नाही सोडले तर निदान पाण्याचे वेगळे घेणार नाही असं करारात लिहून घे. आणि मला कळव नळाचा वार कोणता निघाला ते.